पटावर 288 : चौदाव्या विधानसभेची पाच वर्षे

टाइम ऑफिसात काही वर्षे काढली की डोळ्यांना एक वळण लागते. पाळी भरताना आत कोण आले हे नंतर कळते, कोण आले नाही ते आधी दिसते. चिंचोळी एमआयडीसीत अशाच एका खिडकीमागे माझी नोकरी झाली. मस्टरवर नाव आहे पण माणूस नाही, तर फोरमन येऊन विचारणार : बदली कोण? सोलापूरच्या गिरण्यांपासून चालत आलेला हा शब्द. मशीन पाळीभर उभे ठेवायचे नाही, माणूस आजारी असो, गावाला गेलेला असो की वारलेला असो.

वसाहतीतल्या वाचनालयाच्या या स्मरणिकेत संस्थांचे इतिहास द्यायचे ठरले. कुणी सूतगिरणीचा घेतला, कुणी साखर कारखान्याचा. मी विधानसभेचा मागून घेतला, त्यातही एकाच मुदतीचा : 27 नोव्हेंबर 2019 ते 26 नोव्हेंबर 2024. या पाच वर्षांत सभागृहाचा पट जितका हलला, तितका आमच्या पिढीने कधी पाहिला नव्हता. आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या 11 जागांवर त्यातले बहुतेक सगळे प्रकार घडले.

चिंचोळी काटी हे गाव मोहोळ तालुक्यात, सोलापूर-पुणे महामार्गाला लागून. विधानसभेला आम्ही मोहोळचे, लोकसभेला सोलापूरचे. पण कॅमशाफ्ट असोत, रसायने असोत, औषधांचा कच्चा माल असो, इथल्या एका पाळीत माणसे येतात ती पाच-सहा मतदारसंघांतून. कुणी सोलापूर शहर मध्यचा, कुणी उत्तरचा, कुणी पंढरपूरकडचा, कुणी अक्कलकोटचा. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की एका बाकावर अर्धा जिल्हा बसलेला असतो. त्यामुळे कुणाच्या आमदाराचे काय झाले, हे आम्हाला वर्तमानपत्राआधी डब्यावर कळत आले.

संस्थेचे मूळ थोडक्यात सांगतो. मुंबई प्रांताची विधानसभा 1935 च्या कायद्याने 1937 मध्ये अस्तित्वात आली, तिचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झाले आणि सयाजी सिलम राज्याच्या विधानसभेचे पहिले अध्यक्ष झाले. सुरुवातीला 264 जागा होत्या, मग 270 झाल्या, 1978 पासून 288 आहेत. नरिमन पॉइंटच्या विधान भवनाचे उद्घाटन 19 एप्रिल 1981 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते झाले. सभागृहाची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षे, हे राज्यघटनेच्या 172 व्या अनुच्छेदात आहे. चौदाव्या विधानसभेची पहिली बैठक ज्या घाईत झाली, ती आठवण अजून ताजी आहे.

24 ऑक्टोबर 2019 ला निकाल लागले. भाजप 105, शिवसेना 56, राष्ट्रवादी 54, काँग्रेस 44, अपक्ष 13, उरलेले लहान पक्ष. निकाल लागून महिना झाला तरी निवडून आलेल्यांपैकी एकानेही शपथ घेतलेली नव्हती. मध्ये राष्ट्रपती राजवट आली, 23 नोव्हेंबरच्या पहाटे ती उठली आणि सकाळी देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी झाला. 26 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी बहुमत चाचणी घ्यायला सांगितले, त्याच दिवशी दोघांनीही राजीनामे दिले. 27 ला हंगामी अध्यक्ष कालिदास कोळंबकर यांनी सदस्यांना शपथ दिली, 28 ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, 30 ला 169 मतांनी सरकारने विश्वास मिळवला, 1 डिसेंबरला नाना पटोले बिनविरोध अध्यक्ष झाले. ठाकरे दोन्हीपैकी कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांच्या आत सदस्य होणे भाग होते, म्हणून मे 2020 मध्ये ते बिनविरोध विधान परिषदेवर गेले.

इथे सोलापूरकराला 2003 आठवल्याशिवाय राहत नाही. सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले तेव्हा तेही विधानसभेत नव्हते, ते सोलापूरचे खासदार होते. आनंदराव देवकते यांनी सोलापूर दक्षिणची आमदारकी सोडली आणि शिंदे पोटनिवडणुकीला उभे राहिले. परिषदेचा रस्ता त्यांनाही मोकळा होता, ते मतदारांसमोर गेले. मला स्वतःला तो रस्ता जास्त पटतो.

मृत्यूने रिकाम्या झालेल्या जागा हा या मुदतीचा पहिला अध्याय, आणि तो सुरू झाला आपल्याच जिल्ह्यातून.

पंढरपूरचे भारत भालके 2009 पासून सलग तीनदा निवडून आलेले, तिन्ही वेळा वेगवेगळ्या पक्षांकडून. 2009 मध्ये त्यांनी विजयसिंह मोहिते-पाटलांना हरवले, 2019 मध्ये सुधाकरपंत परिचारकांना. ऑगस्ट 2020 मध्ये परिचारक करोनाने गेले आणि 28 नोव्हेंबरला भालके गेले. वर्षभरापूर्वी एकमेकांसमोर उभे असलेले दोघेही तीन-साडेतीन महिन्यांच्या अंतराने गेले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या लोकांनी ते कसे सोसले, हे आम्ही त्या भागातून येणाऱ्या कामगारांच्या तोंडावर पाहिले.

जागा 155 दिवस रिकामी राहिली. या 155 दिवसांत डिसेंबरचे दोन दिवसांचे अधिवेशन झाले आणि मार्च 2021 चे अर्थसंकल्पी अधिवेशनही झाले. त्या अधिवेशनात शेतीपंपांची वीज तोडण्यावरून सभागृह तापले होते. आमच्या खात्यात मंगळवेढ्याच्या दुष्काळी पट्ट्यातला एक टर्नर होता. घरची मोटर बंद पडलेली. तो मला म्हणाला, "सगळ्यांचं आमदार तिथं भांडायल्यात, आमचं गाऱ्हाणं मांडायला हाय कोण तिथं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. कारखान्यात बदली पाठवतात, तसा विधानसभेत पाठवता येत नाही. तिथे माणूस लोकांनीच निवडावा लागतो आणि निवडेपर्यंत जागा तशीच राहते.

मतदान झाले 17 एप्रिल 2021 ला. करोनाची दुसरी लाट चढत होती, दवाखान्यात खाट मिळत नव्हती आणि तरीही प्रचारसभा झाल्या. त्याबद्दल माझा राग अजून गेलेला नाही. पण रांगेत उभे राहून मत दिलेल्या माणसांबद्दल तितकाच आदर आहे. 2 मे रोजी भाजपचे समाधान आवताडे यांना 1,09,450 आणि भारत भालके यांचे चिरंजीव भगीरथ यांना 1,05,717 मते मिळाल्याचे जाहीर झाले. फरक 3,733. चौदाव्या विधानसभेतली ही पहिली पोटनिवडणूक, आणि जागा सत्ताधाऱ्यांकडून विरोधकांकडे गेली.

आपल्या जिल्ह्याला पोटनिवडणूक नवी नाही. 1974 मध्ये करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून सुशीलकुमार शिंदे पहिल्यांदा विधानसभेत गेले. गणपतराव देशमुख 1972 मध्ये सांगोल्यात हरले होते, तेही 1974 च्या पोटनिवडणुकीने परतले. अकरा वेळा निवडून आलेल्या गणपतराव आबांच्या आमदारकीतली एक मुदत अशी मधूनच सुरू झालेली आहे. ते 30 जुलै 2021 ला गेले, तेव्हा ते सभागृहात नव्हते. 2019 मध्ये ते उभेच राहिले नव्हते आणि सांगोल्याची जागा शहाजीबापू पाटलांनी 768 मतांनी जिंकली होती. हे 768 पुढे किती मोलाचे ठरले, ते येईलच.

पंढरपूरनंतरच्या पाच पोटनिवडणुकाही मृत्यूंमुळेच झाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरचे रावसाहेब अंतापूरकर एप्रिल 2021 मध्ये करोनाने गेले. साथीमुळे मतदान लांबत गेले आणि ती जागा जवळजवळ सात महिन्यांनी भरली. चिरंजीव जितेश 41 हजारांहून अधिक मतांनी आले. कोल्हापूर उत्तरचे चंद्रकांत जाधव डिसेंबर 2021 मध्ये गेले, एप्रिल 2022 मध्ये त्यांच्या पत्नी जयश्री जाधव निवडून आल्या. अंधेरी पूर्वचे रमेश लटके 11 मे 2022 ला दुबईत वारले. त्यांच्या पत्नी ऋतुजा महापालिकेत नोकरीला होत्या. राजीनामा स्वीकारून घ्यायलाच त्यांना उच्च न्यायालयात जावे लागले. भाजपने उमेदवार मागे घेतला. 3 नोव्हेंबरच्या मतदानात लटके यांना 66,530 मते पडली आणि दुसऱ्या क्रमांकावर नोटा आला, 12,806 मतांसह. उमेदवार नको पण मतदान केंद्रापर्यंत जायचे, असे ठरवून घराबाहेर पडलेली ही माणसे कोण असतील, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

उरलेल्या दोन जागा पुणे जिल्ह्यातल्या. कसब्याच्या मुक्ता टिळक आणि चिंचवडचे लक्ष्मण जगताप हे दोघे जून 2022 मध्ये राज्यसभा आणि परिषदेच्या मतदानाला रुग्णवाहिकेतून विधान भवनात आले होते. ती दृश्ये टीव्हीवर पाहताना कॅन्टीनमध्ये कुणी बोलले नाही. आजारी माणसाला पाळीवर बोलावू नये, असे आमच्या खिडकीचे तत्त्व. पण आपल्या नावापुढे हजेरी लागलीच पाहिजे या जिद्दीने ती दोघे आली होती आणि त्या जिद्दीचा मान राखायला हवा. टिळक 22 डिसेंबर 2022 ला गेल्या, जगताप 3 जानेवारी 2023 ला. 2 मार्चला दोन्ही जागांचे निकाल लागले. कसब्यात काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे 11 हजारांनी जिंकले, चिंचवडमध्ये अश्विनी जगताप 36 हजारांहून अधिक मतांनी आल्या. चिंचवडची जागा 58 दिवसांत भरली, कसब्याची 70 दिवसांत, अंधेरीची 179 दिवसांत. कायद्याने सहा महिन्यांची मुभा आहे, पण या आकड्यांतले अंतर पाहिले की एक प्रश्न मनातून जात नाही : 58 दिवसांत होऊ शकते ते सगळीकडेच का होऊ नये?

सहापैकी चार जागा गेलेल्या सदस्याच्या घरातच राहिल्या. पंढरपूरला मुलाला उमेदवारी मिळाली पण यश आले नाही, कसब्यात घरात उमेदवारी गेलीच नाही. घराण्यावर टीका करणे सोपे आहे. मला त्यातली दुसरी बाजूही दिसते. कारखान्यात कामगार वारला की त्याच्या मुलाला घ्या म्हणून आम्हीच व्यवस्थापकाकडे शिष्टमंडळ नेतो. लोकांच्या मनातली ही रीत विधानसभेपर्यंत पोहोचते, एवढेच. आमदारकी मात्र कुणाच्या घरची नोकरी नव्हे, आणि ती देणारा मालक मतदार आहे, हे पंढरपूरने दाखवले.

सभागृहात जागा भरलेली असूनही मतदारसंघ मुका होतो, ही गोष्ट मोहोळकरांना वेगळी सांगावी लागत नाही. याआधीच्या, तेराव्या विधानसभेत आमच्या मतदारसंघाचे आमदार ऑगस्ट 2015 मध्ये एका महामंडळाच्या प्रकरणात अटकेत गेले आणि मुदत संपेपर्यंत तुरुंगातच राहिले. खटल्याचा निकाल लागलेला नव्हता, त्यामुळे सदस्यत्व कायम होते. मस्टरवर नाव होते, म्हणून पोटनिवडणुकीचा प्रश्नच नव्हता. चार वर्षे आमच्या तालुक्याने हे काढले. चौदाव्या विधानसभेत अनिल देशमुख आणि नवाब मलिक यांची तशीच गत झाली. जून 2022 मध्ये दोघांनाही मतदानाला येण्याची परवानगी न्यायालयाने नाकारली. 10 जूनच्या राज्यसभा निवडणुकीत 288 पैकी 285 जणांनीच मतदान केले, त्यातले एक मत बाद झाले. सहाव्या जागेवर धनंजय महाडिक निवडून आले. टाकळी सिकंदरच्या भीमा साखर कारखान्यामुळे मोहोळ तालुक्याला हे नाव ओळखीचे.

सगळ्यात मोठा धडा मात्र निलंबनाच्या प्रकरणाने दिला. 5 जुलै 2021 रोजी तालिका अध्यक्षांच्या दालनातल्या गोंधळावरून भाजपच्या 12 आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केले गेले. त्यांत माळशिरसचे राम सातपुते होते. म्हणजे पंढरपूरची जागा भरून दोन महिने झाले, तोच शेजारची माळशिरसची जागा गप्प झाली. 28 जानेवारी 2022 ला, 207 दिवसांनी, सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केले. ज्या अधिवेशनात गैरवर्तन झाले, त्याच्यापुढे निलंबन नेता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. सुनावणीत न्यायाधीशांनी जो मुद्दा मांडला तो माझ्या मनात घर करून बसला आहे. सदस्याला काढून टाकले तर पोटनिवडणूक तरी होते. वर्षभर बाहेर ठेवले तर जागा रिकामीही होत नाही आणि भरलेलीही राहत नाही, म्हणून ही शिक्षा हकालपट्टीपेक्षा वाईट, आणि ती सदस्याला नव्हे, त्याच्या मतदारसंघाला होते. सदस्याची चूक असली तरी त्याच्या गावांनी काय केले होते? ही माणसे कोणत्या पक्षाची होती याच्याशी मला देणेघेणे नाही. उद्या दुसऱ्या पक्षाची 12 माणसे असती तरी मी हेच लिहिले असते.

खुद्द अध्यक्षांचे आसनही याच काळात रिकामे होते. नाना पटोले यांनी 4 फेब्रुवारी 2021 ला राजीनामा दिला. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम पाहत राहिले. निवडणूक गुप्त मतदानाने की आवाजी, यावर सरकार आणि राज्यपाल यांचे जमले नाही आणि 17 महिने गेले. राहुल नार्वेकर निवडून आले ते 3 जुलै 2022 ला, 164 विरुद्ध 107 मतांनी. तोवर सगळेच पालटले होते.

ते पालटणे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून लांबवत नाही. 20 जूनच्या रात्री एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. शिवसेनेचे तेव्हा 55 आमदार होते, दोन तृतीयांश म्हणजे 37. तो आकडा ओलांडला गेला. सांगोल्याचे शहाजीबापू पाटील तिथे होते आणि झाडी, डोंगर, हॉटेलाचे वर्णन करणारे त्यांचे माणदेशी बोलणे महाराष्ट्रभर पोहोचले. सांगोल्याचा निकाल 768 मतांनी लागला होता, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात असेल का? 29 जूनला ठाकरे यांनी राजीनामा दिला, 30 ला शिंदे मुख्यमंत्री झाले, 4 जुलैला 164 विरुद्ध 99 मतांनी त्यांनी विश्वास मिळवला. वर्षभराने, 2 जुलै 2023 ला, अजित पवार आठ सहकाऱ्यांसह सरकारमध्ये गेले आणि राष्ट्रवादीचेही दोन भाग झाले.

पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची 1985 मध्ये आली. एक तृतीयांश फुटले तर चालते, ही पळवाट 2003 च्या घटनादुरुस्तीने बंद झाली. 11 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमत चाचणी घ्यायला सांगण्याचा राज्यपालांचा निर्णय चुकीचा ठरवला, पण ठाकरे यांनी स्वतःहून राजीनामा दिला असल्याने त्यांना परत आणता येत नाही असे म्हटले आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे सोपवला. नार्वेकरांनी शिवसेनेचा निर्णय 10 जानेवारी 2024 ला दिला आणि राष्ट्रवादीचा 15 फेब्रुवारीला. दोन्हींत कोणत्याही गटाचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. म्हणजे जवळजवळ 80 सदस्यांचे बाक बदलले आणि त्यापायी एकही जागा रिकामी झाली नाही.

आता हे आपल्या जिल्ह्यापुरते मांडून पाहू. 2019 च्या अखेरीला 11 पैकी 6 आमदार सरकारच्या बाजूला होते : माढ्याचे बबनराव शिंदे, मोहोळचे यशवंत माने आणि पंढरपूरचे भालके राष्ट्रवादीचे, शहर मध्यच्या प्रणिती शिंदे काँग्रेसच्या, सांगोल्याचे शहाजीबापू शिवसेनेचे आणि करमाळ्याचे अपक्ष संजयमामा शिंदे. समोरच्या बाजूला 5 : शहर उत्तरचे विजयकुमार देशमुख, दक्षिणचे सुभाष देशमुख, अक्कलकोटचे सचिन कल्याणशेट्टी, माळशिरसचे सातपुते आणि बार्शीचे अपक्ष राजेंद्र राऊत. जुलै 2023 मध्ये सरकारच्या बाजूला 10 आणि विरोधात एकट्या प्रणिती शिंदे. या साडेतीन वर्षांत जिल्ह्यातल्या मतदारांना नव्याने विचारले गेले ते फक्त एकदा, पंढरपुरात. बाकी सगळे बदल कुणाच्याही बोटाला शाई न लागता झाले. आमच्या पाळीतल्या मोहोळच्या माणसाने 2019 मध्ये ज्यांना मत दिले, ते आमदार तेच, पक्षाचे नाव आणि चिन्हही तेच, आणि तरी बाक दुसरे. त्याचे म्हणणे बदलले की नाही, हे त्याला कुणी विचारले नाही.

याच्या उलट टोकाला सावनेर. नागपूर जिल्हा बँकेच्या प्रकरणात 22 डिसेंबर 2023 ला सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी लगेच गेली. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली की सदस्यत्व तत्काळ जाते, हे 2013 पासून पक्के आहे. जागा रिकामी झाली आणि शेवटपर्यंत तशीच राहिली, कारण मुदत संपायला वर्ष उरले नव्हते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे 151 अ हे कलम एका हाताने सहा महिन्यांत निवडणूक घ्यायला सांगते आणि दुसऱ्या हाताने, एक वर्षापेक्षा कमी मुदत उरली असेल तर सवलत देते.

अकोला पश्चिमचे उदाहरण याहून बोचणारे. गोवर्धन शर्मा 3 नोव्हेंबर 2023 ला गेले, तेव्हा मुदत संपायला वर्ष आणि वर तीन आठवडे होते. निवडणूक आयोगाने पोटनिवडणूक लोकसभेबरोबर 26 एप्रिल 2024 ला लावली. पण नव्या आमदाराला वर्षभराचाही काळ मिळणार नाही, या कारणाने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 26 मार्चला ती रद्द केली. कायद्याच्या अक्षरात ते बसते. पण निवडणूक लावायलाच चार महिन्यांहून अधिक काळ गेला होता. अकोला पश्चिमला नवा आमदार मिळाला 386 दिवसांनी. पुणे लोकसभेचेही असेच झाले होते. गिरीश बापट मार्च 2023 मध्ये गेले, डिसेंबरात उच्च न्यायालयाने तातडीने निवडणूक घ्या म्हटले, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि एवढे मोठे शहर जून 2024 पर्यंत खासदाराविना राहिले. 2024 मध्ये खानापूरचे अनिल बाबर, कारंजाचे राजेंद्र पाटणी आणि करवीरचे पी. एन. पाटील गेले. त्यांच्याही जागा निवडणुकीपर्यंत मोकळ्या राहिल्या.

इतरत्र हे कसे करतात? स्कॉटलंडच्या संसदेत 129 सदस्य. 73 मतदारसंघांतून येतात, 56 पक्षांच्या प्रादेशिक यादीतून. मतदारसंघाची जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक, यादीतली झाली तर यादीतले पुढचे नाव. उत्तर आयर्लंडमध्ये तर जागा ज्या पक्षाची, तो पक्षच माणूस देतो. म्हणजे आमच्या गिरणीतल्या बदलीसारखेच, मशीन थांबत नाही. पण मला ते आपल्याकडे नको वाटते. बदली कोण, हे पक्षाने ठरवायचे म्हटले तर पंढरपूरचे 3,733 कुठून येणार?

2024 च्या लोकसभेने पट आणखी विरळ केला. अशोक चव्हाण फेब्रुवारीतच भोकरची आमदारकी सोडून गेले होते. पारनेरचे नीलेश लंके राजीनामा देऊन उभे राहिले आणि खासदार झाले. उमरेडचे राजू पारवे राजीनामा देऊन उभे राहिले आणि हरले. धारावीच्या वर्षा गायकवाड, दर्यापूरचे बळवंत वानखडे, वरोऱ्याच्या प्रतिभा धानोरकर, पैठणचे संदिपान भुमरे, जोगेश्वरी पूर्वचे रवींद्र वायकर हे आमदार असतानाच लोकसभेवर गेले. आणि सोलापुरात तर दोन विद्यमान आमदारच आमनेसामने होते, प्रणिती शिंदे आणि राम सातपुते. आम्ही मोहोळकरही या लढतीचे मतदार. प्रणिती शिंदे 74,197 मतांनी जिंकल्या, दिल्लीला गेल्या, शहर मध्यची जागा रिकामी झाली. वडील 1974 च्या पोटनिवडणुकीने विधानसभेत आले होते. 50 वर्षांनी लेक विधानसभेतून गेली तेव्हा पोटनिवडणूक होणारच नव्हती, वर्ष उरले नव्हते.

त्या जून महिन्यात जिल्ह्याचा हिशेब असा होता : 10 आमदार सरकारच्या बाजूला, 1 जागा रिकामी, विरोधी बाकावर कुणीही नाही. जून-जुलैचे शेवटचे पावसाळी अधिवेशन असेच पार पडले. शहर मध्यमधून येणाऱ्या आमच्या मुलांना, विडी कामगारांच्या घरातल्या मुलांना, पाच महिन्यांहून अधिक काळ विधानसभेत आपले म्हणावे असे कुणी नव्हते.

20 नोव्हेंबर 2024 ला मतदानाची भरपगारी सुट्टी होती. वसाहत शांत होती. 23 तारखेला राज्यभर महायुतीची लाट दिसली, पण आपल्या जिल्ह्याचा पट निराळा निघाला. भाजपचे 5 : दोन्ही देशमुख, कल्याणशेट्टी, आवताडे आणि शहर मध्यला देवेंद्र कोठे. समोर 6 : मोहोळला राजू खरे, माढ्याला अभिजित पाटील, करमाळ्याला नारायण पाटील, माळशिरसला उत्तम जानकर, हे चौघे शरद पवारांच्या पक्षाचे. बार्शीला ठाकरेंच्या शिवसेनेचे दिलीप सोपल. सांगोल्याला शेतकरी कामगार पक्षाचे बाबासाहेब देशमुख, गणपतराव आबांच्या घरातले. जुन्या 11 पैकी परत आले चार, आणि त्या चारांतले एक पोटनिवडणुकीने आलेले. 2019 मध्ये 6 आणि 5, मग 10 आणि 1, मग 10 आणि एक रिकामी जागा, आता 5 आणि 6.

7 डिसेंबरला पंधरावी विधानसभा भरली. हंगामी अध्यक्षांच्या आसनावर पुन्हा कालिदास कोळंबकरच होते. पहिल्या दिवशी विरोधी आघाडीच्या सदस्यांनी शपथेवर बहिष्कार घातला, दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी शपथ घेतली. मोहोळचे नाव पुकारले गेले तेव्हा दुसरी पाळी सुरू व्हायची होती. टाइम ऑफिसच्या खिडकीशी उभ्या असलेल्या चौघांनी ते मोबाइलवर पाहिले, टोकन घेतले आणि आत गेले.